कानबाईच्या रोटात दहा बातम्या

गेल्या श्रावणात मी आमच्या कुळात दहा माणसं वाढवली. तीही एकही बाळंतपण न करता!

आम्ही खान्देशचे. इकडे गुजराती मुलखात, लिंबायतला येऊन तीस वर्षं झाली. यंत्रमागाच्या खडखडाटात आमचे हे अर्धे बहिरे झाले, पण आमची देवी कानबाई काही सुटली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी तिची बोळवण. तिच्या नैवेद्याच्या जाड रोटांसाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. पुरुषाच्या. बायांनी नुसते निवडायचे, दळून आणायचे, मळायचे, लाटायचे आणि भाजायचे. (एवढंच!) हे रोट कुळाबाहेर कोणाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

गहू मोजायचा मान सासूबाईंचा. पण गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. म्हणाल्या, "यंदा तू मोज. कुळात नऊ पुरुष शेतस. तोंडातून एक शब्द काढू नको."

मला हे सांगायची गरज नव्हती. दारात गॅसवाला आला तरी मी आतूनच मान हलवते. (त्याला ती दिसत नाही. तो निघून जातो.) तोंड बंद ठेवायला मला कधी कष्ट पडलेच नाहीत. घोटाळा कानांनी केला.

रोज सकाळी नऊ वाजता मोबाईलवर एक बाई दहा मिनिटांत दहा बातम्या सांगते. साड्यांवर टिकल्या चिकटवताना मी त्या ऐकते. जगात काय चाललंय ते कळतं आणि कोणी मला उलट काही विचारत नाही, हे फार बरं. तर त्या रविवारी मी न्हाले, धुतलेलं लुगडं नेसले, परात पुढ्यात घेतली आणि पदराखालून कोमलचा इअरफोन कानात घातला. कोमल माझी मुलगी, बारावीत आहे. मनात म्हटलं, तोंड बंदच आहे, कानाबद्दल कानबाईनं काही सांगितलेलं नाही.

पहिली सव्वा मूठ आबांची. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, कडोदऱ्याला असतात. कुळात सगळ्यांत मोठे, वयानंही आणि आवाजानंही. त्यांची मूठ टाकली, तेवढ्यात कानातली बाई म्हणाली, घाटात बेडकाची नवी जात सापडली. मी बेडकाला सव्वा मूठ घातली.

मला कळलंच नाही! कानात नाव आलं की हात आपोआप गव्हात जायचा. आबांच्या थोरल्यानंतर ड्रायव्हर नसलेली गाडी. धाकट्यानंतर सांगाल तसं गाणं रचून देणारा संगणक. मग नातू, मग चंद्रावर निघालेलं यान, परत नातू, मग क्रिकेटच्या मुली. आमच्या ह्यांच्या पाठोपाठ ऐंशीव्या वर्षी परीक्षेला बसलेली एक आजी आली. गावानं हळदीकुंकवाला बोलावलेल्या विधवा बाया आल्या. शेवटी हवामान. हवामानालाही सव्वा मूठ!

बातम्या संपल्या आणि मी परातीकडे बघितलं. परातीत डोंगर.

सासूबाई आल्या. "हाऊ ढीग कसाना व? कितल्या मुठी टाक्यात?"

एकदा मनात नाव घेऊन टाकलेले गहू काढता येत नाहीत. आणि बेडूक मोजला असं सांगितलं असतं, तर कानबाईच्या आधी मलाच बोळवलं असतं. घाबरून मी तोंडात येईल ते बोलले.

"बायाबी मोजल्या."

कोमल स्वयंपाकघरातून खूश होऊन ओरडली, "शुं वात छे, मम्मी!"

सासूबाईंनी आबांना फोन लावला. आबा तासाभरात रिक्षातून उतरले. टोपी सरळ केली आणि परातीसमोर बसले.

"कोण म्हणे बाया मोजल्या?"

मी पदराआडून हात वर केला. शाळेत चौथीपर्यंत एवढंच धाडस शिकले होते.

"आजवर कधी मोजल्या का? चूक झाली म्हण, कानबाईपुढं नाक घास, गहू गायीला घाल आणि नव्यानं मोज. नाहीतर पुढच्या सालापासून कानबाई कडोदऱ्याला बसंल!"

कानबाई जाणार म्हणजे सासूबाईंचा जीवच जाणार. वर्षभर त्या ह्या एका दिवसासाठी जगतात. आमचे हे कानाशी लागले, "अगं, म्हणून टाक ना चूक झाली." (अर्धे बहिरे असल्यामुळे त्यांची कुजबुज चौथ्या घरापर्यंत गेली.)

आणि चूक तर झालीच होती! मी म्हणणारच होते. नाक घासायला पदरसुद्धा खोचला होता. पण आबा पुढं बोलले, "बाईचं काय मोजायचं? ती काय, धरलेलीच असते."

धरलेलीच असते! पगार झाल्यावर धरत नाहीत, घराच्या कागदावर धरत नाहीत, आणि भांडी पडली की मात्र धरलेलीच असते! माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

"चूक नाही झाली, आबा. मोजून टाकल्या. काढणार नाही."

"अस्सं? मग ज्या हातानं टाकल्या त्याच हातानं परत मोज. पुरुष नऊ, बाया सहा. पंधरा व्हायला पाहिजेत!"

मी मोजायला बसले. पंधरा झाल्या. परातीत गहू होतेच. सोळा. सतरा. कोमलनं डोळे झाकले. अठरा. एकोणीस.

"ह्या वरच्या चार कोणाच्या?" आबा गरजले.

आता बेडकाचं नाव घ्यावं लागणार! तेवढ्यात सासूबाई खाली बसल्या. थरथरता हात त्यांनी गव्हावर ठेवला.

"ह्या दोन मन्या पोटच्या पोरींच्या. नवापूरची आणि शिरपूरची."

"वहिनी, त्या दिलेल्या पोरी! त्यांचं कुळ वेगळं."

"आणि ह्या दोन तुमच्या पोरींच्या, भाऊ. त्यांचं बी कुळ वेगळं का? काढू बाहेर?"

आबा परातीकडे वाकले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या धाकटीची मूठ जरा कमी वाटते. बघ बरं, सव्वा भरली का?"

मी चिमूटभर वाढवले.

कानबाई लिंबायतलाच बसली. सासूबाईंनी फोन फिरवले, "तुमच्या नावाचा रोट घातला, खायला या." कुळातच मोजल्यावर रोट खायला कुळातल्यांनीच यायला पाहिजे! सोमवारी कानबाईला निरोप दिला आणि मंगळवारी चार नणंदा नऊ पोरांसह आमच्या दोन खोल्यांत उतरल्या. पौर्णिमेपर्यंत राहिल्या. त्यांच्या नावाच्या मुठी होत्या, त्यामुळे कोणाला काही बोलायची सोय नव्हती. थोरल्या नणंदेला रोट जाड लागला, दुसरीला चहा पातळ. आबांची धाकटी तर उशीवरून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

यंदाही मीच मोजणार आहे, एकोणीसच्या एकोणीस, आणि आबा आडवे आले तरी मोजणार! हक्काच्या बातम्या मी रोज ऐकते, पण हक्क मिळाल्यावर चार नणंदांना आठ दिवस झोपवायचं कुठं, हे त्या बाईनं अजून एकदाही सांगितलेलं नाही.