थोडं कमी करून

"मी थोडं कमी करून सांगते," असं म्हणताना ती दोन बोटांनी हवेतच काहीतरी फिरवायची, गॅस बारीक करावा तसं.

ह्यूस्टनमध्ये तिच्या कोरियन वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. मी तेव्हा केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होते आणि नागपूरहून आणलेल्या दोन रेशमी साड्या तिथे देत असे. पहिल्या वेळी वडिलांनी साडी कोटासारखी हँगरला लटकवून, सहा पिना लावून परत दिली. मग मी त्यांना घडी शिकवली. ते काउंटरपलीकडे, मी अलीकडे, आणि दोघांत समान भाषा एकही नाही.

एकदा एक गिऱ्हाईक तुटलेल्या बटणावरून तडकलं. "काम येत नसेल तर आपल्या देशात परत जा," असं तो माणूस म्हणाला. वडिलांनी मुलीकडे पाहिलं. ती कोरियनमध्ये दोन-चार शब्द बोलली. वडिलांनी त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

"काय सांगितलंस?" मी नंतर विचारलं.

"बटण तुटलंय, पुढच्या वेळी जपा, असं तो म्हणाला."

आठव्या वर्षी ती अमेरिकेत आली, तेव्हापासून बँक, घरमालक, डॉक्टर, सगळे तिच्याच तोंडून घरात शिरत. तुम्हीही अशी मुलं पाहिली असतील. आपण त्यांना हुशार म्हणतो आणि मोकळे होतो. मी तरी वेगळं काय करत होते? आईला पत्रात 'तब्येत उत्तम' लिहायचे आणि वर दोन क्रोसिन घ्यायचे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ती मी शिकवत असलेल्या लॅबच्या तुकडीत आली. दुकानात ती मला 'ऑन्नी' म्हणे, म्हणजे ताई. लॅबमध्ये मात्र बिनदिक्कत नावानं हाक. वडिलांच्या लेखी ती डॉक्टर होणार होती. साडी घ्यायला गेले की ते विचारत, "डॉक्टर? गुड?" आणि मी मान डोलवी.

मग ती लॅबला येईनाशी झाली. एक आठवडा, दोन, सहा. त्याच वेळेला पलीकडच्या इमारतीत जिऑलॉजीचा वर्ग असायचा आणि ती तिथे पहिल्या रांगेत बसलेली असायची. तेलाचे भाव कोसळले होते, गावातले जिऑलॉजिस्ट बेकार होत होते आणि हिला खडक शिकायचे होते. "बाबांना सांगू नका," तिनं मला बजावलं. "मी सांगेन. थोडं कमी करून." मी गप्प बसले. साड्या घाण झाल्या तरी दुकानात जायचं टाळू लागले, कारण त्या 'गुड?'ला मान डोलवणं मला जड जाऊ लागलं होतं.

सत्राच्या मध्यावर घरी निकालाचं पत्र गेलं. त्यातलं नापासाचं एफ हे अक्षर वडिलांना वाचता येत होतं. त्यांनी ठरवलं, गुरुजींना भेटायचं. अमेरिकेत कॉलेजच्या प्रोफेसरला पालक भेटत नाहीत, हे तिनं त्यांना सांगून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या वडिलांनाही पटलं नसतं.

तिनं गळ घातली म्हणून मीही प्रोफेसरच्या ऑफिसात बसले. वडील सूट घालून आले होते. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी नासपतींची पेटी पुढे केली. प्रोफेसर भला माणूस होता, पण त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"हे मला घेता येणार नाही. मार्कांबद्दल बोलायला येऊन भेट दिली, तर त्याला लाच म्हणतात."

वडील पेटी तशीच धरून मुलीकडे पाहत होते. कमी कर, बाई, मी मनात म्हणत होते, आजच्या दिवस कमी कर. ती बोलू लागली. वडिलांचे कान लाल होत गेले. त्यांनी पेटी हळूच जमिनीवर ठेवली, तेव्हा मला कळलं की सगळं जसंच्या तसं पोचलं.

"शिवाय ती सहा आठवडे लॅबला आलेली नाही," प्रोफेसर म्हणाला.

तेही तिनं सांगितलं. आणि तिथे न थांबता ती स्वतःचंच बोलू लागली. त्या कोरियनमध्ये मला एकच शब्द ओळखता आला, जिऑलॉजी. मी उठून तिचा हात धरायला हवा होता, पण मी खुर्चीला खिळून बसले.

मग वडील बोलले, सावकाश, खूप वेळ. प्रोफेसरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"काय म्हणतायत ते?" प्रोफेसरनं विचारलं.

"सॉरी," ती म्हणाली. "हे तुम्हाला नाही. ते माझ्याशी बोलले."

काय बोलले, ते मी तिला कधीच विचारलं नाही. पुढच्या सत्रात लॅबमध्ये तिच्या जागी दुसराच मुलगा होता. ती पश्चिमेकडच्या, डोंगरातल्या कुठल्याशा कॉलेजात खडक शिकायला गेली. जाताना मला भेटली नाही, याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

वर्षभरानं मी धीर करून दुकानात गेले. वडील एकटेच होते.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी मनात शब्द जुळवले. "संडे, फोन," ते म्हणाले. "वुई फाइट. वन अवर." आणि एक बोट वर करून त्यांनी मला तो पूर्ण तास दाखवला.