पानमळ्यातला हॉप्सचा वेल

शाळा माझी दोन इयत्तांची. पण पान बघून वेलाची तब्येत सांगतो मी, आजबी. मानवतच्या बाजूला आमचा विड्याच्या पानांचा मळा होता. पाणी आटलं, पानं गेली, सावलीची शेवरीची झाडं तेवढी राहिली.

पोरगं पुण्याला बिअरच्या कारखान्यात कामाला हाय. होळीच्या आधी ते हॉप्सच्या तीन जातींची रोपं घेऊन आलं. बांधावर बूट काढले, मगच आत शिरलं. मळ्यात पायताण चालत न्हाई, हे त्याला सांगावं लागलं न्हाई.

म्हणालं, "आबा, ह्याची फुलं बिअरला कडवटपणा अन् वास देतात. इथं फूल धरलं तर नोकरी सोडून गावाकडंच येतो मी."

मला तेवढं बास होतं.

विहिरीत पाणी एकाच जातीपुरतं. पोरगं म्हणालं, "ही बारक्या पानाची ऊन सोसती. उघड्यावर लावा."

"बारकं पान म्हंजे दुबळा वेल. मला नको शिकवू."

रुंद पानाची जात मी निवडली अन् शेवरीच्या सावलीत लावली; बाकीची रोपं पोरगं माघारी घेऊन गेलं. वेल काय भर उन्हात लावतं का कुणी?

वेल लय चढला. शेजारचे शेतकरी पान हातात धरून बघायचे. फूल मात्र न्हाई. मी रोज मान वर करून शेंडे बघायचो. बायको म्हणायची, "अवो, आता हीच पानं चुना-कात लावून खावा."

पावसाळ्यात शेंड्याला हरभऱ्याएवढे चार कळे आले, अन् तसेच वाळले. बोटांत चुरले, तर वासच न्हाई.

दिवाळीला पोरगं आलं, ते बूट घालूनच सरळ मळ्यात. माझी नजर त्याच्या पायाकडं गेली.

वेल बघून ते म्हणालं, "सावलीत फूल येत न्हाई, आबा. उघड्यावरबी आलं असतं का, काय सांगावं. आपल्याकडं थंडीच तेवढी पडत न्हाई."

"मग औंदा ती बारक्या पानाची आण. उघड्यावर लावतो."

"राहू द्या आता. मी तिकडंच घर बघितलंय."

एवढं बोलून ते आईला भेटायला घराकडं गेलं. मी बांधावर चपला काढल्या, आत गेलो, वेलाला पाणी सोडलं. पान अजून चांगलंच हाय.