शेवट चोरीला जाऊ नये म्हणून

सूनबाई म्हणते, "बाबा, लिहून काढा. नव्या लेखकांना उपयोग होईल." उपयोग! मी काशीच्या ब्रह्माघाटावरचा म्हातारा आचारी, चौथीत शाळा सुटलेली. पण एक चित्रांचं पुस्तक काय छापून आलं, चहाच्या टपरीवर जो तो मागे लागतो, "किस्सा सांगा!" असले किस्से म्हणजे पंगतीची खरकटी भांडी. एक घासेपर्यंत चार जमा! एकदाच सांगतो. मग पिडू नका.

*

गोष्ट माझ्याच लग्नाची. गल्लीत सांड आडवा बसलेला. अलीकडे मी नवरदेव, पलीकडे मंडप, मुहूर्त टळत आलेला. कोणी शेपूट पिरगाळली, कोणी मंत्र म्हटले. सांड ढिम्म! शेवटी नवरी, आमची यमुना, मंडपातून पुरणपोळी घेऊन आली. "जेवलास का रे?" म्हणाली. सांड उठला आणि तिच्या मागे चालू लागला. माझ्या आधी तो मंडपात पोचला!

यमुना गेली, तेव्हापासून नातीला झोपताना हीच गोष्ट लागते. सूनबाई म्हणाली, पुण्याच्या प्रकाशकाला पाठवू.

दामू माझा बालमित्र. तो कानाशी लागला, "भास्करा, पुरी गोष्ट देऊ नकोस. चोरतात लेकाचे!"

पटलं. सांड बसलाय, मुहूर्त टळतोय, इथवरच पाठवली. शेवट घरात ठेवला. दामूच्या हातावर गंगेचं पाणी घालून त्याच्याकडून शपथ घेतली, "शेवट कोणाला सांगायचा नाही!"

*

महिने गेले. उत्तर नाही. म्हटलं, छापून विकतसुद्धा असतील! गोदौलियाच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो आणि पोरांची पुस्तकं एकेक उलटून बघायला लागलो.

दुकानदार म्हणाला, "चाचा, का खोजत हउवा?"

"अपना सांड!"

"त बाहर देखा न, दुकान के आगे बइठल हौ!"

*

मग संपादकबाईंचा फोन. "आजोबा, गोष्ट घेतोय आम्ही. शेवट मोकळा सोडलात, फार आवडलं! मुलं आपापला शेवट शोधतील."

"अहो, शेवट आहे माझ्याकडे. सांगतो ना!"

"नको, नको! आहे तेच छान."

गोड वाढायच्या आधी पान उचलणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली! आता, चोराल म्हणून लपवला होता, हे कोणत्या तोंडाने सांगू? पण माझी यमुना तिच्याच गोष्टीतून बाहेर राहिली, हे काही घशाखाली उतरेना.

*

पुढे बाईंनी कात्री काढली. 'गल्ली अरुंद होती.' कापलं. 'सांड काळा होता.' कापलं.

"अहो, का?"

"ते चित्रात दिसेल, आजोबा."

"मग मी कशात दिसू?"

*

म्हटलं, चित्रकाराचा नंबर तरी द्या. गल्ली कशी, सांड कसा, सांगतो त्याला. बाई म्हणाल्या, "लेखक आणि चित्रकार थेट बोलत नाहीत. मधे मी असते."

लग्न जुळवतानासुद्धा मुलगी दाखवतात! दामूला म्हटलं, "काहीतरी लपवतायत हे लोक."

एरवी दामूच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. त्या दिवशी फक्त हळूच म्हणाला, "बाईंचा नंबर काय रे?"

"तुला कशाला?"

"सहजच."

मी दिला. सगळ्यांवर संशय घेतला, या एकावर घ्यायचा राहिला!

*

पुस्तक आलं. नातीला मांडीवर घेऊन बसलो. सांड, गल्ली, छत्रीखाली घामाघूम नवरदेव. शेवटच्या पानावर अक्षर नाही, नुसतं चित्र. नऊवारीतली नवरी सांडापुढे वाकलीय, हातात पुरणपोळी. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

यमुना घाईत तशीच आली होती. पण हे मी नातीलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो पाय बघायला सांडाजवळ दोघंच उरलो होतो. एक मी, आणि दुसरा माझ्या डोक्यावर छत्री धरणारा.

शपथ गंगेची होती. माफी अजून यायची आहे. ऐकतोयस ना दामू, दामोदर केशव पाध्ये!