कुंपणाचा पाला

सोनूबाईंपुढे वल्लरीने आज पुन्हा हात टेकले. बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या वाडीत ही बाई चाळीस वर्षं काविळीचं झाडपाल्याचं औषध देत होती. तेही फक्त रविवारी, दिवस उगवायच्या आत. झाडाचं नाव मात्र विचारायची सोय नाही. नाव फुटलं की गुण गेला, असं त्यांच्या सासूने बजावलेलं.

वल्लरी अलिबागची. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती हेपेटायटिस बीच्या विषाणूवर अशी गावठी औषधं तपासत असे. पहिल्या खेपेला सोनूबाईंनी पाट्यावर वाटलेला गोळा तेवढा हातावर ठेवला होता. त्याचा अर्क पेशींना दिला आणि विषाणू चक्क निम्म्यावर आला! वल्लरी आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. पण हाच निकाल पुन्हा आला नाही तर काम बंद, असं वरिष्ठांनी सांगून टाकलं. आणि गोळा तर संपलेला.

मग सहा महिने नुसती मनधरणी. नारळाच्या वड्या नेल्या, नातीचं गणित घेतलं, वर टोमणे ऐकले. शेवटी सोनूबाईंनी डोळे पुसत झाड दाखवलं, नाव सांगितलं. वल्लरीने ते मुळासकट नेऊन तपासलं. शून्य. पुन्हा तपासलं. शून्यच!

आज हे कळल्यावर सोनूबाई उखडल्या. "सांगितलं हुतं ना तुला? घालवलास गुण! आता माझ्या हाताला यश यायचं न्हाय. लोकांना काय देऊ मी?"

"अहो, झाडाला काय कान असतात?" वल्लरीचाही आवाज चढला. "त्या पहिल्या गोळ्यात दुसरं काही होतं का, एवढंच सांगा!"

"हुता ना, दुसरा पाला. औषध कुनी वळखू नये म्हनून टाकायचाच असतो. तुला झाड दाखवल्यावर कशाला टाकू?"

वल्लरीला आता उलगडा झाला. विषाणू निम्म्यावर आणला होता तो त्या लपवायच्या पाल्याने, आणि ती सहा महिने भलत्याच झाडामागे लागली होती. तिला रडावं की ओरडावं कळेना.

"कसला पाला, सोनूबाई?"

"हाताला लागंल तो. त्या टायमाला कुंपनाचा घेतला."

त्यांनी बोट दाखवलं. कुंपण होतं तिथे आता कुणा मुंबईकराच्या बंगल्याची पांढरी भिंत उभी होती.

"नाव काय त्याचं?"

"मला काय ठावं? त्याचं नाव आजवर कुनी इचारलंच न्हाय."

वल्लरीनेही विचारलं नव्हतं.