मांजरीच्या बाजूने

बाळांनो, बाल्कनीतल्या मांजरीची गोष्ट तिच्याच तोंडून सांग, असं तुम्ही म्हणालात. लिहायला बसले, तर तिच्या बाजूने पाहताना मीच संशयास्पद दिसू लागले.

आमच्या बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनमागच्या खोक्यात ती व्याली. मी उत्तनच्या कोळणीकडून तिच्यासाठी मांदेली घेऊ लागले. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमचं पहिलंच घर शेवटचं ठरावं, अशी माझी इच्छा. म्हणून ती खाली गेल्याचं बघून पिल्लं बाजूला काढली, खोका फिनेलने पुसला, धुतलेली चादर अंथरली आणि पिल्लं परत ठेवली.

संध्याकाळी तीन पिल्लांतलं एकच उरलं होतं.

माझा संशय थेट शेजारणीवर. मांजरीच्या वासाची तक्रार तिनेच केली होती. दार वाजवून मी विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आंटी, मला मांजरीने शिंका येतात, मी कशाला हात लावू? आणि वास म्हणाल, तर आज तुमच्याच घरातून हॉस्पिटलसारखा येतोय."

परत आले. मग मांजरीच्या तोंडचं पहिलं वाक्य सुचलं: "ही बाई रोज मासे देते; का देते?" दुसरं त्यापाठोपाठ आलं: "पिल्लांना मी वासाने ओळखते, आणि हिने तोच पुसला."

दोन पिल्लं तिनेच हलवली होती; उरलेल्या तिसऱ्याचे डोळेही उघडले नव्हते. आईशिवाय ते जगलं नसतं. ते ओरडत होतं आणि ती छज्ज्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी चादर काढली, मांदेलीची ताटली पुढे सरकवली. ती मागे सरली. मी गोड आवाजात बोलावलं. ती आणखी मागे. तिच्या जागी मी असते, तरी इतक्या गोड बोलणाऱ्या बाईचा भरवसा धरला नसता.

शेवटी आत गेले आणि बाल्कनीकडे पाठ करून भाजी निवडत बसले. वळून बघायचा मोह फार होत होता. ओरडणं थांबलं तेव्हाही वळले नाही.

भाजी संपल्यावर पाहिलं, खोका रिकामा होता. मांदेली तशीच.

पिल्लं कुठे आहेत, मला माहीत नाही. ती गेटपाशी दिसते. मी बघतेय असं वाटलं की तिथेच बसून राहते. मग मी मान वळवते, म्हणजे तिला जाता येतं.