आत कोण राहिलंय

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी पहिली नोकरी केली, तिथले हेडक्लार्क काका संडासच्या दाराला आतून कडी लावत नसत. आत असले की मोठमोठ्यानं पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा ऐकू आला की बाहेर थांबायचं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. मलाही सांगितलं, आणि मी पोट धरून हसले.

मग कुणीतरी मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. काकांचं गाव औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते अंगणात झोपलेले, आई घरात, आतून कडी लावून. दाराची चौकट तिरकी झाली आणि कडी काही निघाली नाही. आई गेल्या. त्यानंतर काकांनी कुठल्याच दाराला आतून कडी लावली नाही. तसे ते एकटेच नव्हते. आमच्या भागात त्या वर्षानंतर कित्येक घरांत कडी लागत नसे. चोर परवडला, पण कडी नको, म्हणायचे.

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं. दर दुसऱ्या घराला मेसची पाटी, गल्लीबोळांत पोरंच पोरं. आमच्या क्लासच्याही नांदेडला आणि मुरुडला शाखा निघाल्या. मी नांदेडची, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून आलेली, डोक्यात हवा भरपूर. लातुरात मी एक सर्व्हर बसवला आणि सगळ्यांना त्यावर रिमोट डेस्कटॉपनं जोडून दिलं. म्हणजे माणूस आपापल्या टेबलाशी, पण काम त्या सर्व्हरच्या आत.

काकांचा जीव एकाच गोष्टीत होता: पेपर टाइप करणं. रविवारच्या परीक्षेचे सगळे पेपर स्टेन्सिलच्या काळापासून त्यांच्याच हातून जायचे, आणि एकही फुटला नव्हता. ते शिपायाला, चहावाल्याला, पालकांना, सगळ्यांना हे सांगायचे.

पण संध्याकाळी घरी जाताना काका कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून खिडकी मिटवायचे आणि पिशवी उचलायचे. लॉग ऑफ नाही, काही नाही. पासवर्डही कॉम्प्युटरलाच लक्षात ठेवायला सांगितलेला. एकदा केमिस्ट्रीचे मास्तर नोट्स छापायला त्यांच्या टेबलावर बसले, रिमोटच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, आणि समोर रविवारचा फिजिक्सचा पेपर, अर्धा टाइप केलेला! मास्तर सज्जन. सरळ उठून मालक सरांकडे गेले.

सर काकांना काही बोलले नाहीत, मला बोलावलं. “पुन्हा एकदा असं झालं, तर पेपर बाहेर टाइपिंगला देईन. त्यांना तूच समजाव,” म्हणाले. दाराशी काका उभे होते. त्यांनी ऐकलं.

समजावण्यात मी मुळात कच्ची. मी पाच मिनिटांत आपोआप स्क्रीन लॉक होईल अशी सोय करून टाकली. काकांनी उजव्या हातात कप आणि डावा हात माऊसवर, असा चहा प्यायला सुरुवात केली. पडदा अंधारायच्या आत माऊसला एक ढुसणी! अंधारलाच, तर खुर्ची मागं सरकवून दचकून उभे राहायचे.

“काका, हे काय तुमचं घर आहे का?” मी एकदा ओरडलेच.

“व्हय, घर न्हाई. पण मी तर त्योच हाय ना,” ते म्हणाले.



त्याच संध्याकाळी ऑफिसबाहेर मी रिक्षाची वाट बघत होते. काकांनी शटर ओढलं, भलंमोठं कुलूप घातलं आणि ते नीट बसलंय का हे ओढून ओढून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. म्हणजे कुलपाशी या माणसाचं काही वाकडं नव्हतं! भीती होती ती फक्त आत अडकायची. आणि मी आठवडाभर त्यांना आतून कडी लावायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी खिडकी मिटवली, पिशवी घेतली, तसं मी त्यांना सर्व्हरपाशी बोलावलं. कोण कोण जोडलेलं आहे ती यादी उघडली. सगळ्यात वर काकांचं नाव.

“हे काय? मी तर निघालो ना,” काका म्हणाले.

“खिडकी मिटवलीत फक्त. तुम्ही अजून आतच आहात.”

“आत?”

“हो. रोज. रात्रभर.”

काकांनी पिशवी खाली ठेवली. “म्हंजी मी रोज सवताला आत ठिवून घरी जाऊन राहिलो व्हय? अगं, आधी न्हाई का सांगायचं!”

ते तरातरा टेबलाशी गेले, पेपर सेव्ह केला, लॉग ऑफ केलं, आणि धावत येऊन यादी बघितली. नाव गेलं होतं. “आता लाव कुलूप,” म्हणाले. लक्षात ठेवलेला पासवर्ड मी पुसून टाकला तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. सरांच्या कानावर गेलंच. पुढच्या पेपरची हस्तलिखित पानं त्यांनी गुपचूप काकांच्याच टेबलावर आणून ठेवली. काका दिवसभर पाढे म्हणत हिंडत होते, संडासात नसतानाही.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? ती यादी रोज बघायला मिळावी असा त्यांनी हट्ट धरला. मी त्यांना परवानगी दिली, वर कुणालाही तिथूनच बाहेर काढायचा अधिकारही दिला. तरी रोज संध्याकाळी फोन सुरू.

“हॅलो, नांदेड? बाई, तुम्ही आत हायत अजून.”

“अहो, मी भाजी घेऊन राहिले, काका!”

“घ्या की. पण हापिसातल्या कुणाला तरी सांगा अन् आधी भाईर या.”

थोड्या वेळानं यादीतून नांदेडच्या बाईंचं नाव नाहीसं व्हायचं आणि काका टेबलावर थाप मारायचे. “आल्या बघ!”

मला राहवेना. म्हटलं, “काका, एक बटण दाबलं की काम होतंय. लोकांना फोन करून कशाला पिडता?”

“कुणाचं काही अर्धं राहिलेलं असतंय,” ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. “अन् आईला त्या दिशी हाका मारून मारून घसा बसला माझा. इथं एक हाक मारली की माणूस भाईर येतंय. मग बटन कशाला दाबू, पोरी?”

एवढं बोलून त्यांनी मुरुडचा नंबर लावला.