जिन्यातला बोर्ड वाचणारी बाई

माझी मावशी केस कापायची. आता तिला कंगवा गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत नेता येत नाही. हात खांद्यापाशी पोचतो आणि तिथूनच परत फिरतो. पापण्या जांभळट, बोटांच्या सांध्यांवर लाल उंचवटे, गळ्यापासून पाठीपर्यंत लाल शाल पांघरल्यासारखी कातडी. आजाराचं नाव डर्मॅटोमायोसायटिस. मावशी त्याला "तो लांबलचक मेला" म्हणते.

सलूनच्या मालकिणीने स्वच्छ सांगितलं होतं, "दोन महिने खुर्ची ठेवते. नंतर दुसरीला बसवणार."

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. मावशी कठड्याला लोंबकळत एकेक पायरी चढायची आणि प्रत्येक पायरीला शिवी द्यायची. "कुणी बांधला गं हा जिना? त्याच्या पायात गोळे येवोत, त्याच्या सुनेच्या पायात येवोत, त्याच्या..." पहिल्या मजल्यापर्यंत त्याचं अख्खं खानदान संपायचं.

तेवढ्यात टपालवाली यायची. घरोघर पत्रं वाटणारी, मावशीच्याच वयाची आणि आजारही तोच. पण ती सरळ चढायची, कठड्याला बोटसुद्धा न लावता! हाताच्या तळव्यावर चार दुखऱ्या लाल पुळ्या, कोपरावर एक जखम, बाकी काही नाही. पहिल्या मजल्यावर थांबून ती भिंतीवरचा बोर्ड वाचायची.

"बघ, बघ," मावशी माझ्या कानात फुसफुसायची, "बोर्ड वाचायची चैन! आजारसुद्धा हिला बेताबेताने झालाय. मला मात्र घाऊक."

तपासणीत मावशीच्या रक्तात एमआय-टू नावाची अँटीबॉडी निघाली. डॉक्टर म्हणाले, "ही कातडीवर आणि स्नायूंवर गोंधळ घालते, पण फुप्फुसांच्या वाटेला सहसा जात नाही. औषधालाही बहुधा चांगली दाद देते."

"त्या टपालवालीची कुठली निघाली?" मावशीने विचारलं.

"दुसऱ्यांचं मी सांगत नसतो."

"चांगलीच निघाली असणार," मावशी बाहेर येऊन म्हणाली.

पुढच्या खेपेला ती बाकावर इतकी जळफळत होती, की तिला हसवायला मी टपालवालीची नक्कल केली. ताठ मान, झपझप पावलं, बोर्डापाशी थांबणं, मग बोलणं. "नमस्कार ताई... आज तुम्ही... लवकर... आलात?" मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

डॉक्टर दारात उभे होते. "पुन्हा कर."

मी घाबरतच केली.

"बोलताना एवढी थांबते ती?"

"हो. आधी नव्हती थांबत. आणि बोर्डावर दर आठवड्याला तेच लिहिलेलं असतं. चपला बाहेर काढा."

टपालवाली वर आल्याबरोबर त्यांनी नंबर नसतानाही तिला आधी आत घेतलं. मावशी चिडली, "बघ! इथेही पुढे!"

ती बराच वेळाने बाहेर आली आणि आमच्याशेजारी बसली. "माझी अँटीबॉडी एमडीए-फाइव्ह आहे. स्नायू... शाबूत ठेवते, फुप्फुसं... धरते. खोकला आला तर लगेच सांगा, म्हणाले होते. मी लपवला. रजेवर... पाठवतील म्हणून. आता भरती व्हायचंय. आजच."

मावशी आपल्या बोटांचे उंचवटे कुरवाळत बसली.

"खरं सांगू ताई? मला तुमचा फार हेवा वाटायचा. खालून वरपर्यंत... एका दमात शिव्या देत चढता. मी बोर्डापाशी उभी राहून... ऐकायचे. म्हणायचे, काय छाती आहे बाईची!"

त्या दिवशी उतरताना मावशीने जिन्याला एकही शिवी दिली नाही.

औषध सुरू झाल्यापासून सातव्या आठवड्यात मावशीचा हात कानापर्यंत जायला लागला. कात्री घेऊन ती थेट टपालवालीच्या वॉर्डात गेली. नाकाला नळी, मानेवर केसांचा गुंता. मावशीने हात वर केले. ते थरथरत होते, पण वर होते.

"हात... दुखत असेल," टपालवाली म्हणाली.

"गप्प बस. दम जपून ठेव."

कापायला चांगला एक तास लागला. एक बाजू जरा तोकडी झाली. टपालवालीने आरशात पाहून मान डोलावली.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "मालकिणीला फोन लाव. खुर्ची पुसून ठेव म्हणावं." दहा पावलं चालली आणि वळून वॉर्डाकडे बघत पुटपुटली, "पलंग मात्र खिडकीशी मिळालाय मेलीला."